तीन बोटं

दरवर्षी डिसेंबरात माझ्या टेबलावर
विषयांची चळत येऊन पडते.
हळद. दरवर्षी हळद.
मग कडुनिंब, मग गुळवेल,
आणि नागपूर असल्यामुळे संत्र्याची साल.
सगळ्यांना कॅन्सर बरा करायचा असतो
पंधरा मार्चच्या आत,
एकाच इन्क्युबेटरवर,
जो शनिवारी रुसतो.

मी लाल पेनानं लिहिते: लहान करा.
प्रश्न इतका लहान करा
की तो परीक्षानळीत मावेल.

यामिनी हेडाऊनं कागद आणलाच नाही.
गोळीबार चौकातून सायकलनं येणारी, मागच्या बाकावरची,
तिनं डब्याच्या पिशवीतून पन्नी काढली,
रबर लावलेली, घोटून अजून कोमट.
"मॅडम, खर्रा. बाबांच्या ठेल्यावरचा.
कांद्याच्या मुळांना पाजून पाहू?"

नमुने बाबांनीच घोटले.
पाटीवर पन्नी घासता घासता विचारलं म्हणे,
"कोन्त्या नंबरचा पाह्यजे तुह्या मॅडमले?
परीक्षेचा माल हाये,
चुना कमी पडाले नाही पाह्यजे."
पैसे घेतले नाहीत.

बारा कांदे, बारा बाटल्या.
तीन नुसत्या पाण्यात:
त्यांना म्हाताऱ्याच्या दाढीसारखी पांढरी मुळं फुटली.
बाकीच्यांची दुसऱ्याच दिवशी तपकिरी, बोथट,
वाढता वाढता विसरल्यासारखी.

टोकं सकाळी लवकर कापायची,
पेशी तेव्हा विभागण्याच्या घाईत असतात,
म्हणून साडेसहाला नत्थूजी किल्ली घेऊन दारात,
माकडटोपी, स्वेटर,
आणि गालात नमुना क्रमांक चार.

रंग, बर्नरची ऊब, काचेवर अंगठ्याचा दाब.
एक हजार पेशी मोज, मी म्हटलं.
मग आणखी एक हजार.
काउंटर बिघडलेला. तिनं मुगाचे दाणे
एका वाटीतून दुसरीत टाकत मोजल्या.
तुटलेली गुणसूत्रं.
दोन टोकांमध्ये ताणला गेलेला पूल.
आणि एक गुणसूत्र मधेच राहून गेलेलं,
दोन्ही घरांनी न घेतलेलं.
त्याच्यापाशी ती बराच वेळ थांबली,
मग मुगाचा एक दाणा टाकला.

एप्रिलमध्ये वडील आले.
इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्मा, चपला दाराबाहेर.
सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, दुसरा हातानं झाकला.
"हे कांद्याचं होय ना जी?"
हो.
"मानसाचं नाही."
नाही.
बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही
नेमकं हेच विचारून
चार गुण कापले होते.

मला उत्तर येत होतं.
सव्वीस वर्षं शिकवते आहे, दोन परिच्छेदांचं उत्तर.
त्यातलं पहिलंच वाक्य घशात अडकलं.

यामिनी म्हणाली, "बाबा, तोंड उघडा."
तीन बोटं, एकावर एक,
दातांमधून सहज जायला हवीत.
दोन गेली.
तिसऱ्याचं नख दातावर वाजलं.
ते हसायला गेले, पण हसायलाही
तेवढीच जागा होती.
नत्थूजी पुसलेलीच खिडकी
पुन्हा पुसू लागले.

यंदा ती एम.एस्सी.ला आहे,
आणि तिचा कागद सगळ्यांत आधी आला.
विषय: ठेल्यावरच्या माणसांचं तोंड किती उघडतं.
साधन: मिलिमीटरची पट्टी.
हळद नाही, संत्रं नाही, बरं करणं कुठेच नाही.
लहान करा, असं लिहायला जागाच ठेवली नव्हती.

नीतिसमितीचं पत्र यायचं आहे.
तोवर कोणाचंही माप घ्यायचं नाही, मी बजावलंय.
संमतीपत्राचा मसुदा तेवढा तपासायला आणला तिनं,
सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात,
"तुम्ही केव्हाही नाही म्हणू शकता" याखाली रेघ.
आणि त्या कोऱ्या मसुद्यावर
आधीच एक सही, सावकाश केलेली:
वामन हेडाऊ.
शेजारी पेन्सिलनं,
सोमवारी ठेला बंद राह्यते.